दूध तोडल्यानंतरची रात्र

मूल आईच्या दुधावरून अन्नावर येते, या घटनेला मराठीत 'दूध तोडणे' म्हणतात. 'अंगावर पिणारे' मूल 'अंगावरून तोडले' जाते. या शब्दप्रयोगांतील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. स्तनाचा उघड उल्लेख टाळण्यासाठी भाषेने तेथे 'अंग' हा शब्द योजला, आणि या संकोचातूनच तिच्याकडून एक खरे बोलले गेले: मुलाला तुटावे लागते ते आईच्या सबंध अंगापासून, त्याच्या उबेपासून आणि वासापासून. दुसरी गोष्ट क्रियापदाची. 'तोडणे' हे सकर्मक आहे. दूध आपोआप सुटत नाही, कोणीतरी ते तोडते. आणि जे तोडावे लागते त्याच्या जागी पुढे काही ठेवावेही लागते. काय ठेवले गेले, कोणी ठेवले आणि त्यानंतर ते मूल रात्री कसे झोपले, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे. घराघरांत घडणाऱ्या या गोष्टीचा इतिहास लिहिण्याजोगा आहे असे साहित्याच्या अभ्यासकांना सहसा वाटत नाही. आम्हास मात्र वाटते की आपल्याकडील स्त्रीच्या श्रमाचा इतिहास या एका रात्रीत जितका स्पष्ट दिसतो तितका तो फार थोड्या ठिकाणी दिसतो.

आरंभीच एक उणीव नोंदवली पाहिजे. आपल्या संस्कारांच्या परंपरेने मुलाच्या पहिल्या वर्षातील जवळजवळ प्रत्येक पाऊल विधीने बांधलेले आहे. जन्मताच जातकर्म, आणि त्यातच आईचा स्तन प्रथम मुलाच्या मुखी देण्याचा मंत्रोक्त विधी. मग नामकरण, घराबाहेर सूर्यदर्शनास नेण्याचे निष्क्रमण, जमिनीवर बसवण्याचे उपवेशन, सहाव्या महिन्याचे अन्नप्राशन म्हणजे आपली उष्टावण, कर्णवेध, चौल अथवा जावळ. संक्रांतीच्या दिवसांत लहान मुलाला बोरन्हाण घालण्याची महाराष्ट्राची प्रथा वेगळीच. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड (१९४१) संस्कारांच्या प्रचंड याद्या देतो. स्तन देण्याचा विधी तेथे आहे. स्तन काढून घेण्याचा आम्हास आढळला नाही. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहाम मोठी मेजवानी देतो. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात पूर्ण दोन वर्षे पाजण्याची मर्यादा सांगितली आहे आणि आईबापांच्या परस्पर संमतीने त्याआधी दूध सोडवण्यास मुभाही दिली आहे. आपल्या गृह्यसूत्रांनी मात्र उष्टावणीपाशी हात आखडला. अन्न सुरू झाले एवढे त्यांना पुरेसे वाटले. दूध केव्हा आणि कसे संपले हे त्यांनी बायकांवर सोपवले. ज्या घटनेला मंत्र नाही तिला मुहूर्त नाही, आणि जिला मुहूर्त नाही तिची नोंद नाही.

नोंद सापडते ती वैद्यांकडे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील उत्तरस्थान बालोपचाराने सुरू होते. दात आल्यावर मुलाला क्रमाक्रमाने स्तनापासून दूर करावे आणि त्याच वेळी दुसरे दूध व हलके, पुष्टी देणारे अन्न वाढवीत न्यावे, असे तेथे सांगितले आहे. अशा मुलासाठी वाग्भट एक नेमका शब्द वापरतो: 'अपस्तन'. त्याच्यासाठी एक लाडूही सांगतो. चारोळीचा गर, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या आणि खडीसाखर यांचा तो मोदक आहे, आणि त्याला 'प्रीणन' हे विशेषण आहे. प्रीणन म्हणजे तृप्त करणारा, मन राखणारा. पथ्य सांगणाऱ्या ग्रंथाने मुलाच्या रुसव्याची ही दखल घेतलेली पाहून आम्हास या वैद्याविषयी फार जिव्हाळा वाटला. (मधाविषयी आजचे बालरोगतज्ज्ञ एक वर्षाच्या आत सक्त मनाई करतात, हे येथे सांगितलेले बरे, उत्साही वाचक वाग्भटाचा लाडू करावयास बसू नयेत.) सुश्रुताचा सूर असाच मायेचा आहे. मुलाला अंगाला सुख होईल असे धरावे, दरडावू नये, झोपेतून एकदम उठवू नये कारण ते घाबरते, आणि पाठीला पोक येऊ नये म्हणून वेळेआधी बसवू नये, असे तो शारीरस्थानात सांगतो. 'मुलाने कोणत्या महिन्यात काय करावे' या आजच्या घाईला हे वाक्य चांगले उत्तर आहे.

काश्यपसंहिता या सर्वांहून निराळी. हा ग्रंथ संपूर्णपणे बालकांचा. तो शतकानुशतके लुप्तप्राय होता. नेपाळच्या राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील खंडित पोथीवरून तो १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केला. काश्यप सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात अन्न सांगतो. वर्षाचे होऊनही जे मूल पायांनी चालत नाही त्याला तो 'फक्क' म्हणतो. फक्काचे तीन प्रकार आहेत: दूषित दुधाने होणारा, व्याधीने होणारा आणि 'गर्भज'. यांपैकी तिसरा आमच्या विषयाच्या मध्यावर येतो. आई पुन्हा गरोदर राहते, तिचे दूध आटते, आणि अंगावरचे मूल वाळत जाते. माधवनिदान व अन्य ग्रंथांत याच्याच जवळचा 'पारिगर्भिक' हा रोग आहे. त्याच्या लक्षणांत खोकला, अरुची, कृशता, पोट वाढणे आणि तंद्रा येतात. मूल खेळत नाही, झापड आल्यासारखे पडून राहते. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३३ मध्ये आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशातील मुलांच्या अशाच एका रोगाचे वर्णन केले आणि पुढे १९३५ मध्ये तेथील गा भाषेतले त्याचे नावही वैद्यकात आणले: क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आल्यामुळे पदच्युत झालेल्या मुलाचा आजार, असा त्या नावाचा आशय सांगितला जातो. अन्नातील प्रथिने, जंतुसंसर्ग इत्यादी कारणांची चर्चा पुढे पुष्कळ झाली आणि ती अजून मिटलेली नाही. पण दोन खंडांतल्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या परंपरांनी रोगाचे नाव ठेवताना मुलाच्या जागेकडे बोट दाखवले हे विसरता येत नाही. मराठीत 'पाठचा भाऊ', 'पाठची बहीण' हे शब्द आपण किती सहज वापरतो. पाठ मिळण्यापूर्वी त्या मुलाजवळ मांडी होती.

फक्काच्या उपचारांत तेलमालीश आणि औषधी तुपे आहेतच, शिवाय एक वाहन आहे. चालण्याच्या अभ्यासासाठी सुताराकडून तीन चाकांचा 'फक्करथ' करवून घ्यावा असे काश्यप सांगतो. वाचकांस ते वाहन ओळखीचे वाटेल. पुढे एक, मागे दोन चाके आणि धरावयास आडवी दांडी असलेला लाकडी पांगुळगाडा महाराष्ट्रातील कितीतरी घरांच्या माळ्यांवर अजून पडलेला असेल. फक्करथ ते पांगुळगाडा अशी सरळ वंशावळ सिद्ध करावी असा आमचा हेतू नाही; सुताराचे डोके सगळीकडे सारखेच चालते. शब्दांतील साम्य मात्र मनोरंजक आहे. दोन्हींत चालायला शिकणाऱ्या निरोगी मुलाच्या खेळण्याला पांगळेपणाचे नाव चिकटलेले आहे.

आता रात्र. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत आणि प्रत्येकाने पछाडलेल्या मुलाची लक्षणे दिली आहेत. पूतनेने धरलेले मूल गळून जाते, त्याला ढाळ होतात, अंगाला कावळ्यासारखा वास येतो, आणि ते दिवसा सुखाने झोपते, रात्री झोपत नाही. हे शेवटचे लक्षण कोणत्याही काळातील आईबापांना घाम फोडील. पण पूतना कोण? हरिवंश आणि भागवत यांतून आपल्याला माहीत असलेली पूतना ही रात्री येऊन दूध पाजणारी परकी बाई आहे. एकाच नावाखाली वैद्यकाने रात्रीचा जागर ठेवला आणि पुराणाने विषारी दूध ठेवले. दोन्ही पूतना मुळात एकच की वेगळ्या, हा वाद पंडितांचा आहे. आम्हास एवढेच दिसते की दूध आणि रात्रीची झोप यांची गाठ भारतीय कल्पनेत फार पूर्वी बसली आहे, आणि मूल रात्री झोपत नसेल तर कोणत्या तरी स्त्रीच्या दुधात दोष शोधावयाचा ही सवयही तितकीच जुनी आहे. लोकसमजुतीत तिच्या समोर सटवाई उभी आहे. झोपेत मूल गालातल्या गालात हसले की 'सटवाई हसवते आहे' असे म्हणत. तान्ह्या मुलाच्या झोपेचा सुमारे अर्धा भाग अशा चंचल, डोळे पापण्यांआड फिरणाऱ्या झोपेचा असतो आणि वयाबरोबर तो कमी होत जातो, असे आजचे शास्त्र सांगते. ती कमी झाली की सटवाईचे येणेही कमी होते.

मराठी संतकवितेकडे वळावे तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. आई आणि मूल ही प्रतिमा वगळली तर या कवितेचा मोठा भाग कोसळेल. ज्ञानेश्वरीत (१२९०) माउली आणि तान्हे पुन्हा पुन्हा येतात. नामदेवांच्या नावावर बाळक्रीडेचे अभंग आहेत. विठ्ठल हा बाप्या देव असूनही 'विठाई' होतो आणि त्याला पान्हा फुटतो. कृष्णाचे रांगणे, चालणे, बोबडे बोलणे, लोणी चोरणे, सगळे टप्पे गायिले गेले. दूध तोडणे तेवढे नाही. हा योगायोग नसावा. भक्ताला देवाचे तान्हे म्हणूनच राहावयाचे आहे. त्या माउलीने कधीच तोडावयाचे नाही आणि तिचा पान्हा कधीच आटावयाचा नाही, यावर सारी करुणा उभी आहे. तोडलेले मूल ही या कवितेत फक्त विरहाची, म्हणजे अपवादाची अवस्था असू शकते. याउलट हिब्रू स्तोत्रांपैकी १३१ वे अगदी छोटे स्तोत्र पाहा. तेथे शांत झालेल्या जिवाला उपमा दिली आहे ती दूध तोडलेल्या आणि तरीही आईपाशीच असलेल्या मुलाची. त्याचे रडणे संपलेले आहे. ते आईपाशी आता भुकेसाठी आलेले नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दूध तोडलेले शांत मूल ही प्रतिमा मराठी भक्तिवाङ्मयात अशी बाहेरून आली आणि, आमच्या समजुतीप्रमाणे, बाहेरच राहिली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी या दोन मातृप्रतिमांचा तौलनिक अभ्यास हाती घेईल तर तो वाया जाणार नाही.

संतांनी जे गायिले नाही ते घरच्या बायकांनी निभावले. दूध तोडण्याच्या रीती साऱ्या कडवट होत्या, शब्दशः. कडुनिंबाचा पाला वाटून किंवा कोरफडीचा गर लावून मुलाला वीट आणावयाचा. नाहीच जमले तर चार रात्री त्याला आजीच्या किंवा आत्याच्या कुशीत झोपवावयाचे. त्या चार रात्री कोणी जागवल्या याचा उल्लेख चरित्र-आत्मचरित्रांत फारसा मिळत नाही. मिळतो तो ओव्यांत. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईच्या मांडीवर मूल निजलेले असे आणि जात्याची घरघर हीच त्याची अंगाई असे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये आणि पुढे १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून ज्या ओव्या गोळा केल्या, त्यांत तान्ह्या बाळाचा भाग मोठा आहे. राईरकर-पॉइटवाँ यांच्या संग्रहातील ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली; बायकांचे काबाडकष्ट वाचले आणि ते वाचावयासच हवे होते. मुलाच्या झोपेतून एक आवाज मात्र गेला.

स्तनाच्या जागी ठेवावयाची दुसरी वस्तू म्हणजे बाळगुटी. सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम यांचे मोजून वळसे द्यावयाचे. त्यांत एक जायफळ असे, आणि त्याचे काम सर्वांना ठाऊक होते. जायफळाने झोप येते. किती वळसे द्यावयाचे हे आजीच्या हाताला कळे. जास्त झाले तर मूल दुसऱ्या दिवशीही झेंगटत राही. सहाणेवरचा हा वळसा म्हणजे मापाची एक नाजूक पद्धत होती आणि ती चालवणाऱ्या म्हातारीला दुसरे काम नसावे, किंवा असलेच तर घरातलेच असावे, ही तिची अट होती.

मुंबईच्या गिरण्यांनी नेमकी ही अट मोडली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांतील पुष्कळ कोकण आणि घाटावरून आलेल्या. आजी गावी, सहाण गावी, चाळीत एक खोली. बाई सकाळी गिरणीत गेली की अंगावरच्या मुलाचे दूध रोज दिवसभरासाठी तुटे आणि संध्याकाळी पुन्हा जोडले जाई. या रोजच्या तोडण्याच्या जागी ठेवली गेली ती अफूची गोळी. 'बाळगोळी' हे तिचे लाडके नाव. अफूची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे (१८९३–९५) पश्चिम हिंदुस्थानातील मुलांना अफू देण्याच्या चालीविषयी अनेकांनी साक्षी दिल्या होत्या. म्हणजे गिरण्यांनी ही चाल निर्माण केली असे नाही. शेतावर जाणारी बाईही कधी ती देई. गिरणीने तिला वेळापत्रक दिले. मुंबई सरकारने स्त्रीकामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यास नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ मध्ये नोंदवले की गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते. सरकारच्याच 'लेबर गॅझेट'मध्ये हा मजकूर छापला गेला. ज्या सरकारने ही पाहणी करविली त्याच सरकारच्या परवान्याने अफूची दुकाने चालत होती.

या ९८ टक्क्यांकडे पाहून आईला दोष देणारे तेव्हाही होते. 'अडाणी आया' हा शब्द त्या काळच्या समाजसुधारकांच्या लेखणीतून सहज उतरतो. आम्हास तो मान्य नाही. पर्याय मोजून पाहावेत. मूल शेजारणीकडे ठेवावयाचे तर तिलाही पोट आहे आणि तिचीही चार मुले त्याच खोलीत आहेत. ते रडले तर रात्रपाळीहून येऊन निजलेला त्याच चाळीतील पुरुष उठतो. मूल गिरणीत न्यावयाचे तर यंत्रे आणि कापसाचे तंतू. गोळीने मूल निजे, भूक मरे, आणि ते भुकेने रडत नसल्यामुळे ते भुकेले आहे हे कोणास कळत नसे. मुंबईत १९२१ मध्ये नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भके दगावल्याचा आकडा प्रसिद्ध आहे. तो जसाच्या तसा घेऊ नये. पुष्कळ बायका बाळंतपणासाठी रत्नागिरीकडे जात, त्यामुळे जन्म गावी आणि मृत्यू मुंबईत नोंदला जाई. तो कमी करून घेतला तरी भयंकरच उरतो, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तो सर्वाधिक होता. त्या मृत्यूंतील किती गोळीचे, किती दूषित पाण्याचे आणि किती भुकेचे, हे वेगळे काढण्याची सोय त्या आकड्यात नाही.

कायदा आला तो १९२९ मध्ये. मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा हा हिंदुस्थानातील त्या प्रकारचा पहिला. १९२८ च्या जुलैमध्ये विधिमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा काही भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. कायद्याने काही आठवड्यांची रजा आणि दिवसाला आठ आणे दिले. हे मोठेच पाऊल होते. तरीही मुलाच्या बाजूने पाहिले तर रजा संपण्याच्या दिवशीच पहिली गोळी सुरू होणार होती. पुढे १९३४ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची तरतूद प्रांतांच्या हाती दिली, १९४८ च्या कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर ती सक्तीची केली, आणि १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या ३० वर आली. 'पाळणाघर' हा शब्द किती चांगला आहे. पाळणा घरातून निघाला आणि त्याच्याभोवती दुसरे घर बांधावे लागले.

डबाबंद दुधाच्या पावडरीचा अध्याय आम्ही थोडक्यात उरकतो, कारण तो सर्वांस परिचित आहे. गुटगुटीत बाळाचे चित्र असलेला डबा मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठेचा झाला. त्याच्या जाहिरातींना आवर घालावयास १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती लागली.

याच शतकात मुलाच्या वाढीला तक्ता मिळाला. अमेरिकेत आर्नल्ड गेसेल यांनी १९२० च्या दशकापासून मुलांच्या हालचालींचे वयवार निकष मांडले. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांच्या वाढीचा अभ्यास करून १९७० मध्ये १ ते ३० महिन्यांच्या मुलांचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यावरूनच पुढे 'डासी' या नावाने ओळखली जाणारी मापनश्रेणी तयार झाली. परदेशी मुलांच्या मापाने आपली मुले मोजू नयेत हा त्यामागचा आग्रह होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतील मुलांवरून दाखवले की निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कोठेही पडू शकतो. काश्यपाची वर्षाची मर्यादा एवढी कडक धरण्याचे कारण नाही, असा याचा अर्थ. 'मैलाचा दगड' या शब्दाने उगीच असे वाटते की सगळी मुले एकाच रस्त्याने चालली आहेत.

झोपेचे दगड तर आणखी हलते आहेत. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. दिवसाच्या दोन झोपा सुमारे दीड वर्षापर्यंत एक होतात. दूध तोडले की मूल रात्रभर झोपेल ही आशा पुष्कळ घरांत धरली जाते आणि पुष्कळदा ती फसते. कारण साधे आहे. प्रत्येक माणूस रात्रीतून अनेकदा अर्धवट जागा होतो आणि भोवतालचे सर्व जसेच्या तसे असेल तर नकळत पुन्हा झोपतो. मुलाला झोप लागली तेव्हा तोंडात जे होते ते जाग येताच नसते, म्हणून ते शोधू लागते. त्यातच हे वय नवे शिकण्याचे. रांगणे सुरू होते त्या आठवड्यांत रात्रीची जाग वाढते असे अभ्यासांत दिसले आहे, आणि आईपासून दुरावण्याची भीतीही याच सुमारास तीव्र असते. दिवसा मूल स्वतःच्या पायांनी आईपासून दहा पावले लांब जाते, रात्री त्याच अंतराला भिऊन उठते. मग अंगाई, थोपटणे, गोधडीचा कोपरा, बाबांचा खांदा, असे काही हळूहळू त्या जागी बसते. यास दिवस लागतात, कधी महिनेही. वाग्भटाचा 'क्रमाक्रमाने' हा शब्द येथे आठवतो, आणि क्रम धरावयास घरात कोणीतरी मोकळे असावे लागते हेही.

आपल्या कायद्याने या क्रमाला एक आकडा दिला आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी दिली होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आकडा तसाच आला आहे. नोकरी कागदावर असेल तर हा आकडा लागू होतो. बीडकडून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघणाऱ्या ऊसतोड जोडप्यांचा हिशेब टनावर असतो, उचल आधीच घेतलेली असते, आणि नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. अंगावर पिणारे मूल त्यांच्याबरोबर येते. दूध तुटलेले असेल तर ते गावी आजीपाशी राहू शकते. म्हणून त्या घरांत मुलाचे दूध केव्हा तोडावयाचे हे दात पाहून किंवा महिने मोजून ठरतेच असे नाही. कारखान्याचा पट्टा केव्हा पडणार यावर ते ठरते. जे मूल बरोबर जाते ते पहाटेच्या थंडीत फडाच्या कडेला, लुगड्याच्या झोळीत झोपते, आणि जे मागे राहते ते गावात आजीच्या शेजारी.